ओळख नसलेल्या माणसाचे शहर

दरवर्षी ऑक्टोबर महिना उजाडला की जर्मनीतील विद्यापीठांचे हिवाळी सत्र सुरू होते आणि आपल्याकडील कित्येक घरांतील रात्रीच्या जेवणाच्या वेळा तिकडच्या घड्याळाशी जुळवून घेऊ लागतात. २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात जर्मनीत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांची संख्या ४९ हजारांच्या वर गेली होती आणि परदेशांतून तेथे आलेल्या विद्यार्थ्यांत हा गट सर्वांत मोठा ठरला होता. पुण्यातील मॅक्समुल्लर भवनाच्या किंवा रानडे इन्स्टिट्यूटच्या वर्गांत जर्मन भाषेची धुळाक्षरे गिरवून गेलेली मुलेमुली त्यांत आहेत. बर्लिनच्या सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नाही, हे या ओघाचे एक मोठे कारण. अर्थात शुल्क नसले तरी खर्च आहेच. राहण्याखाण्याची तजवीज म्हणून वर्षाला ११,९०४ युरो बँकेत अडकवून ठेवल्याचा दाखला सप्टेंबर २०२४ पासून मागितला जाऊ लागला. त्यासाठी येथे कोणाची ठेव मोडते, तर कोणाच्या शेतावर बोजा चढतो.

या मुलांच्या दूरध्वनीतून आणि सुटीत घरी आल्यावरच्या गप्पांतून तिकडच्या शहरांविषयी जे ऐकू येते, त्यात दोन निवाडे हटकून असतात. पहिला असा की, ते लोक मुळातच शिस्तीचे. आपल्याला ते कधी जमायचे नाही. दुसरा असा की, तिकडे सगळे आहे, पण माणुसकी नाही. शेजारी कोण राहतो हे वर्षभर कळत नाही. पहिला निवाडा ऐकून घरातील तरुण माना डोलावतात, दुसरा ऐकून वडीलधाऱ्यांना बरे वाटते, आणि विषय तेथेच संपतो. या दोन्ही निवाड्यांमागील निरीक्षण खरे आहे. निष्कर्ष मात्र कच्चे आहेत. शिस्त ही एखाद्या समाजाच्या रक्तातून वाहत नसते आणि माणुसकीही कोणा एका देशाची मिरासदारी नसते. परक्या शहरात पाऊल ठेवल्यावर विद्यार्थ्याला जो खरा फरक जाणवतो, त्याचे नाव वेगळेच आहे, आणि ते नीट उच्चारले तरच त्या प्रवासातून आपल्या पदरी काही पडण्याचा संभव आहे.

कोणी ओळखीचे आहे का?

आपल्या नागरी जीवनाचा कणा कोणता, असा प्रश्न विचारला तर 'ओळख' हेच उत्तर द्यावे लागेल. रुग्णालयात खाट हवी असो, मुलाला शाळेत प्रवेश हवा असो, सातबाऱ्यावरील नोंद दुरुस्त करून घ्यायची असो की निवृत्तिवेतनाचा अडलेला कागद पुढे सरकवायचा असो, घरात पहिला प्रश्न निघतो तो 'तेथे आपल्या ओळखीचे कोणी आहे का?' हाच. नियम काय आहे, अर्ज कोठे मिळतो, मुदत किती, हे प्रश्न त्यानंतरचे. मग कोणी आपल्या गावचे निघतात, कोणी मेहुण्याच्या कचेरीतले, कोणी बाईंचे जुने विद्यार्थी. काम होते, चहा होतो, आणि आपण कोणाचे तरी लागतो, या जाणिवेने मनाला ऊबही मिळते. या ऊबेची थट्टा करण्याचे कारण नाही. आजारपणात डबा घेऊन येणारा आणि मध्यरात्री स्मशानापर्यंत सोबत करणारा माणूस याच ओळखीतून मिळतो. परंतु या वस्त्राला एक उलटी बाजू आहे. ओळखीमुळे ज्याचा नंबर पुढे गेला, त्याच्यासाठी कोणाचा तरी नंबर मागे गेलेला असतो. आणि तो मागे गेलेला माणूस बहुधा तोच असतो, ज्याचे तेथे कोणी नसते.

बर्लिनला उतरलेल्या विद्यार्थ्याचा हा धागा विमानतळावरच तुटतो. वडिलांचा हुद्दा, घराण्याचे नाव, शाळेचा लौकिक, मामांचा दरारा यांची तेथे कवडीइतकीही किंमत नसते. नव्या घरात राहायला गेल्यावर दोन आठवड्यांच्या आत नागरी कार्यालयात जाऊन पत्ता नोंदवावा, असा तेथील कायदा आहे. ही नोंद झाल्याशिवाय पुढचे बरेचसे व्यवहार अडतात. विद्यार्थी तेथे जातो, फलकावर आपला क्रमांक लागण्याची वाट पाहतो आणि क्रमांक लागला की नेमून दिलेल्या मेजापाशी जाऊन बसतो. समोरची व्यक्ती पारपत्र पाहते, घरमालकाच्या सहीचे पत्र पाहते, मजकूर यंत्रात भरते आणि नोंदीचा दाखला हाती देते. तू कोणाचा, कोठला, कोणाच्या शब्दाने आलास, हे कोणी विचारीत नाही. या शहरात ज्याचे कोणीच नाही, त्या मुलाला एक सरकारी कागद हक्काने मिळालेला असतो. मेहेरबानीचे ओझे नाही, की आभाराची लाचारी नाही.

याचा अर्थ ते कार्यालय म्हणजे रामराज्य, असा नव्हे. बर्लिनमध्ये अशी भेटीची वेळ मिळण्यासाठीच कधीकधी आठवडेच्या आठवडे थांबावे लागते; कागदांचे आणि टपालाने येणाऱ्या पत्रांचे तेथील प्रस्थ आपल्याकडील कोणत्याही कचेरीला लाजवील असे आहे. एक कागद कमी पडला तर तेथे गयावया करून काही उपयोग होत नाही. नियमाला डोळे नसतात, म्हणून तो कोणाचे तोंड पाहत नाही; आणि डोळे नसतात म्हणूनच कोणाची अडचणही त्याला दिसत नाही. तरीसुद्धा एक गोष्ट उरतेच. तेथे ताटकळणाऱ्याला एवढी खात्री असते की मागल्या दाराने कोणी आपल्यापुढे गेलेला नाही.

फाटक नसलेले स्थानक

आपल्या विद्यार्थ्यांच्या बोलण्यात हमखास येणारी दुसरी गोष्ट म्हणजे बर्लिनची भुयारी रेल्वे. १९०२ पासून चालू असलेल्या या रेल्वेच्या स्थानकांत तिकीट दाखवून उघडणारी फाटके नाहीत. माणूस सरळ फलाटावर जातो आणि गाडीत बसतो. तिकीट काढणे आणि छोट्या यंत्रात घालून त्यावर शिक्का उमटवणे, हे सारे त्याचे त्याने करायचे. हे पाहून आपला मुलगा थक्क होतो आणि घरी सांगतो, पाहा, हे लोक किती प्रामाणिक आहेत.

पण जरा थांबून विचार करावा. मुंबईच्या उपनगरी गाड्यांच्या स्थानकांत तरी कोठे फाटके आहेत? चर्चगेट असो, दादर असो की कल्याण असो, तेथेही माणूस सरळ फलाटावर जातो. तिकीट किंवा पास त्याच्या खिशात आहे, असे गृहीत धरलेले असते आणि मधूनच टी.सी. गाठतो. प्रवाशांची एवढी प्रचंड गर्दी ज्या गृहीतावर वर्षानुवर्षे वाहून नेली जाते, ते गृहीत बर्लिनच्या गृहीताहून निराळे नाही. रांगेचेही तसेच. बेस्टच्या बसथांब्यावर भर पावसात रांग धरून उभे राहणारे मुंबईकर कोणा जर्मन गुरुजींकडे शिकायला गेले नव्हते. तेव्हा विश्वासावर चालणारी व्यवस्था आपल्या स्वभावातच नाही, हे म्हणणे खोटे आहे. जेथे व्यवस्था भरवशाची असते, दहा मिनिटांनी दुसरी गाडी येणार याची खात्री असते, तेथे आपणही शिस्तीने वागतो. जेथे ही गाडी चुकली की दिवस बुडाला अशी स्थिती असते, तेथे कोणत्याही देशाचा माणूस कोपर मारून आत शिरेल.

शिवाय बर्लिनचा तो विश्वास काही भाबडा नव्हे. साध्या वेषातील तपासनीस डब्यात केव्हा उभा राहील, याचा नेम नसतो आणि विनातिकीट सापडणाऱ्याला २०१५ पासून ६० युरो मोजावे लागत आले आहेत. विनातिकीट प्रवास हा तेथे फौजदारी गुन्हा मानला गेल्यामुळे दंड भरण्याची ऐपत नसलेली काही माणसे त्यापायी तुरुंगातही गेली आहेत. फाटक नसलेल्या स्थानकामागे असे एक न दिसणारे फाटक असते. ते कोठे बसवावे आणि किती कठोर असावे, यावर वाद होऊ शकतो. तसा तो तेथेही चालू आहे. मात्र ते समाजाने विचारपूर्वक उभारलेले असते, हे आपल्या मुलांनी घरी सांगायला हवे.

रविवारची शांतता

नव्या विद्यार्थ्याची पहिली फजिती बहुधा रविवारी होते. शनिवारी वाणसामान आणायचे राहून जाते आणि रविवारी सकाळी पाहावे तर मोठी दुकाने बंद. रेल्वे स्थानकातील काही दुकाने, पाववाले, पेट्रोल पंप एवढेच काय ते उघडे. घरात भिंतीला भोक पाडायचे यंत्र लावले तर शेजारी दार ठोठावतो. 'कसले हे मेलेले शहर!' असा उद्गार आपल्या मुलाच्या तोंडून निघतो. जेथे रविवारी संध्याकाळी लक्ष्मी रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते, तेथून आलेल्या मुलाने असे म्हणावे, यात नवल नाही.

पण या बंद दारामागे कोण आहे, हे पाहिले पाहिजे. रविवार हा कामातून विसाव्याचा दिवस म्हणून कायद्याने जपला जावा, असे कलम १९१९ च्या वायमार घटनेत होते. ते १९४९ च्या जर्मन घटनेने जसेच्या तसे आपलेसे केले. दुकाने केव्हा मिटावीत याचा देशव्यापी कायदा १९५६ चा. १९९६ पर्यंत तर आठवड्यातील बहुतेक दिवशीही संध्याकाळी साडेसहानंतर खरेदी करता येत नसे. पुढे हा अधिकार राज्यांकडे गेला आणि बंधने सैल झाली. तथापि नाताळपूर्वीच्या चारही रविवारी दुकाने उघडी ठेवण्याची मुभा देणारा बर्लिनचा कायदा २००९ साली तेथील घटना न्यायालयाने अमान्य केला. तो खटला चर्चसंस्थांनी नेला होता हे खरे, पण रविवारचा लाभ गल्ल्यावर बसणाऱ्या स्त्रीला आणि गोदामात पेट्या उचलणाऱ्या हमालालाही मिळतो. ग्राहकाला जे बंद दार दिसते, ती आत काम करणाऱ्याची सुटी असते.

मराठी माणसाला तर हे कोडे वाटण्याचे कारणच नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून गिरणी कामगारांच्या सभा भरवून, अर्ज-विनंत्या करून साप्ताहिक सुटीची मागणी लावून धरली, आणि १८९० च्या जून महिन्यात मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. ज्या सुटीत आज आपण दुकाने पालथी घालतो, ती अशी झगडून मिळवलेली आहे. दुकानात उभा असलेला मुलगा आणि घरोघर खाद्यपदार्थ पोचवणारा तरुण यांचा रविवार कोठे गेला, हा प्रश्न बर्लिनच्या बंद दारापाशी उभ्या राहिलेल्या आपल्या विद्यार्थ्याला सुचला, तर त्याची ती उपाशी सकाळ सत्कारणी लागली, असे म्हणता येईल.

रात्रीच्या शांततेचीही हीच कथा. बर्लिनमध्ये रात्री दहा ते सकाळी सहा हा शांततेचा काळ मानला आहे. आणि आपल्याकडे? २००० साली केंद्र सरकारने केलेल्या ध्वनिप्रदूषणविषयक नियमांतही रात्र म्हणजे दहा ते सहा हीच वेळ घातलेली आहे. घड्याळ तेच, आकडे तेच. फरक पडतो तो तक्रार करणाऱ्याच्या धैर्यात. तेथे शेजाऱ्याविरुद्ध तक्रार करणारा माणूस नियमाच्या आधाराने बोलतो. आपल्याकडे ध्वनिवर्धकाविरुद्ध बोलायचे तर आधी मंडळाचे आश्रयदाते कोण, त्यांची ओळख कोठवर पोचते, याचा अंदाज घ्यावा लागतो. परीक्षेच्या आदल्या रात्री कानांत बोळे घालून बसलेल्या विद्यार्थ्याला आपला कायदा ठाऊक नसतो असे नाही. त्याला आपल्या ओळखीची मर्यादा ठाऊक असते.

तू आणि तुम्ही

जर्मन भाषेत मराठीप्रमाणेच 'तू' आणि 'तुम्ही' हा भेद आहे. मित्रांत, घरात आणि विद्यार्थ्यांत आपापसांत 'तू' चालते. अनोळखी प्रौढ माणसाला मात्र 'तुम्ही' म्हणावे, असा तेथील रिवाज आहे. आपल्या मुलांना हे व्याकरण लवकर येते, पण त्याचा नागरी अर्थ उमजायला वेळ लागतो. रस्ता झाडणारा, बस चालवणारी, बँकेतील अधिकारी आणि प्राध्यापक या सर्वांना अनोळखी माणूस एकच सर्वनाम लावतो. आपल्याकडे सर्वनाम निवडण्यापूर्वी माणसाचे कपडे, वर्ण, हातातले काम आणि आडनाव यांची नजरेने झडती घेतली जाते. साठी उलटलेल्या मोलकरणीला घरातील शाळकरी मुले अरे-तुरे करतात, भाजीवालीला 'काय गं' म्हणतात, आणि तीच मुले बंगल्यातल्या कुत्र्याच्या मालकाला 'काका, तुम्ही' म्हणतात. एका अक्षराने आपण माणसाची पायरी ठरवतो आणि त्याला संस्कार म्हणतो.

परदेशात हाच मुलगा पहिल्यांदा स्वतः त्या पायरीवर उभा राहतो. परदेशी विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करण्याची मुभा मार्च २०२४ पासून जर्मनीत मिळू लागली. खर्च भागवण्यासाठी कोणी उपाहारगृहात भांडी विसळतो, कोणी गोदामात पेट्या रचतो, कोणी पाठीवर चौकोनी पिशवी बांधून बर्फात सायकल हाकतो. ज्याने घरी जेवल्यावर ताट उचलले नव्हते, तो हे सारे मुकाट्याने करतो आणि त्यात त्याला कमीपणा वाटेनासा होतो, ही फार मोठी शिकवण आहे. दुःख एवढेच की, ती परतीच्या विमानात बहुतेकांच्या हातून निसटते. घरी आलेला तोच मुलगा दाराशी आलेल्या पोऱ्याला 'ठेव तिथं' असे बसल्या जागेवरून सांगतो.

या मुलांनी पुण्यातील कचरावेचक स्त्रियांकडेही पाहावे. जर्मनीत २००३ पासून वापरून टाकायच्या बाटल्यांवर पंचवीस सेंट अनामत घेतली जाते. रिकामी बाटली यंत्रात टाकली की ती परत मिळते. या व्यवस्थेचे कौतुक होते आणि ते योग्यच आहे. पण त्या बाटल्या वेचून चार युरो जमवणारे वृद्ध पेन्शनर त्याच शहरात दिसतात, आणि त्यांना वाकावे लागू नये म्हणून कित्येक जण बाटली डब्याबाहेर उभी करून ठेवतात, हेही खरे. इकडे पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा वेचणाऱ्या कष्टकऱ्यांनी आपली पंचायत उभी केली, महापालिकेच्या मान्यतेची ओळखपत्रे मिळवली आणि २००८ पासून 'स्वच्छ' या सहकारी संस्थेमार्फत घरोघरचा कचरा गोळा करण्याचे काम हाती घेतले. ज्यांना कोणाची ओळख नव्हती, त्यांनी ओळखपत्र मिळवले. नियमाचे राज्य येते ते असे, खालून.

ओळखच ओझे असते तेव्हा

ओळखीवर चालणाऱ्या शहराचा सर्वांत मोठा दोष हा की, त्यात काहींची ओळख हाच त्यांचा अपराध ठरतो. याची साक्ष जर्मनीपेक्षाही आधीच्या आणि दूरच्या एका विद्यार्थ्याने दिलेली आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले; तेथून १९१६ मध्ये लंडनला गेले आणि १९१७ साली बडोदे संस्थानच्या नोकरीवर रुजू होण्यासाठी परतले. परदेशातील त्या वास्तव्यात आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसून गेली होती, असे त्यांनी पुढे आपल्या आठवणींत नमूद केले आहे. बडोद्याच्या स्थानकावर उतरताच ती जाणीव परत आली, कारण राहायचे कोठे, हा प्रश्न समोर उभा राहिला. नाव बदलून एका पारशी विश्रामगृहात आसरा घ्यावा लागला आणि काही दिवसांतच काठ्या घेऊन आलेल्या जमावाने तेथूनही बाहेर काढले. जगातील एका नामांकित विद्यापीठात शिकून आलेल्या माणसाला एका शहरात छप्पर मिळू नये, याचे कारण त्याची कोणाला ओळख नव्हती हे नाही. ती होती, हेच कारण होते.

तेव्हा अनोळखी माणसांचे शहर कोरडे असते, ही तक्रार करण्यापूर्वी ती कोण करतो आहे, हे पाहावे. ज्याच्या आडनावाला गावात मान आहे, त्याला ते कोरडे वाटेल. ज्याचे आडनाव ऐकताच समोरच्याचा चेहरा बदलतो, त्याला त्या कोरडेपणात मोकळा श्वास घेता येतो. बर्लिनच्या इमारतींच्या दाराशी घंटेच्या बटणांपुढे केवळ आडनावे लिहिलेली असतात. ती टपालवाल्याच्या सोयीसाठी. मुंबई-पुण्यात भाड्याने खोली शोधणाऱ्याला 'आडनाव काय?' असे विचारतात, ते टपालासाठी नव्हे.

पितळी दगड

येथवर वाचून जर्मन शहराची आरती ओवाळली जात आहे, असे कोणाला वाटेल. म्हणून दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगितली पाहिजे. ज्या शहराने पत्ता नोंदवताना कूळ विचारले नाही, त्याच शहरात भाड्याचे घर शोधताना परक्या नावाच्या पत्रांना उत्तरे येत नाहीत, असा अनुभव अनेक विद्यार्थी सांगतात. वंश, धर्म इत्यादी कारणांनी भेदभाव करण्यास मनाई करणारा कायदा जर्मनीत २००६ पासून आहे. परंतु न आलेल्या उत्तराविरुद्ध दाद कोठे मागायची? कार्यालयाच्या दारात नियमाचे राज्य असते, घराच्या दारात मात्र तेथेही ओळखच विचारली जाते. त्यातच हिवाळा येतो, दुपारी चारला अंधार पडतो आणि आठवडा-आठवडा कोणाशी मनमोकळे बोलणे होत नाही. नियम दाखला देतो. ताप आल्यावर कपाळावर हात ठेवीत नाही.

आणि याहून खोल अशी एक गोष्ट त्या शहराच्या पदपथावरच जडवलेली आहे. जुन्या घरांच्या दारांपुढे चालताना पायांखाली चार इंच लांबी-रुंदीचे पितळी पत्र्याचे दगड दिसतात. गुंटर डेमनिग या कलावंताने १९९२ साली या कामाला आरंभ केला आणि २०२३ पर्यंत युरोपभर असे एक लाखाहून अधिक दगड बसवले गेले. त्या घरात राहणाऱ्या आणि नाझी राजवटीने हाकलून नेलेल्या किंवा ठार केलेल्या माणसाचे नाव, जन्मसाल आणि शेवट त्यावर कोरलेला असतो. ज्या पत्ता-नोंदणीचे आपल्या विद्यार्थ्याला कौतुक वाटते, तशाच नोंदींच्या आधारे त्या काळी माणसे हुडकून काढली गेली. गाड्या वेळेवर सुटल्या, याद्या बिनचूक होत्या, कारकुनांनी नियम पाळले. नियम मुळातच माणसाविरुद्ध केलेला असेल, तर त्याचे काटेकोर पालन हे पुण्य नसून पाप ठरते, हा धडा त्या पितळी दगडांवर आहे.

याच शहरात शिकलेल्या एका मराठी विद्यार्थिनीचे स्मरण येथे होणे अपरिहार्य आहे. इरावती कर्वे १९२८ च्या सुमारास बर्लिनच्या मानवशास्त्र संस्थेत ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली संशोधनासाठी गेल्या. मानवी कवटीच्या दोन बाजूंतील असमानता आणि वंश यांचा काही संबंध आहे काय, हा त्यांच्या प्रबंधाचा विषय. युरोपीय वंशाचे श्रेष्ठत्व मोजमापांनी दाखवावे, अशी त्या वर्तुळातील अपेक्षा. इरावतीबाईंनी मोजमापे केली आणि असा संबंध दिसत नाही, असा निष्कर्ष आपल्या गुरूंच्या मताविरुद्ध मांडला. त्या संस्थेने पुढे नाझींच्या वंशविषयक धोरणाला शास्त्राचा आधार पुरवला. तिच्या त्या इमारतीत युद्धानंतर, १९४८ मध्ये स्थापन झालेल्या मुक्त विद्यापीठाचे वर्ग भरू लागले. परक्या शहराची शिस्त अंगी बाणवावी, पण त्या शहराला शरण जाऊ नये, हे एका मराठी मुलीने त्या काळात दाखवून दिले होते.

परतीचे सामान

मग परदेशी गेलेल्या विद्यार्थ्याने घरी काय आणावे? स्वच्छ रस्त्यांची छायाचित्रे आणि 'आपल्याकडे काही होणार नाही' हा सुस्कारा यांची आपल्याला गरज नाही. एखादे काम ओळखीशिवाय होऊ शकते, हा स्वतः घेतलेला अनुभव त्याने आणावा. तो सांगितला म्हणजे, ते काम येथे का होत नाही, असा प्रश्न विचारता येतो, आणि त्याचे उत्तर 'आपला स्वभाव' असे देऊन सुटका करून घेता येत नाही. महाराष्ट्रात २०१५ साली लोकसेवा हक्काचा कायदा झाला. कोणता दाखला किती दिवसांत मिळाला पाहिजे, हे त्यान्वये ठरवून जाहीर करावे लागते, आणि तो वेळेत न मिळाल्यास अपील करता येते. हा कायदा ओळख नसलेल्या माणसासाठीच केलेला आहे. त्याचा फलक कचेरीत लावलेला असतो. आपण मात्र तो न वाचता त्याच कचेरीतील ओळखीचा माणूस शोधत हिंडतो.

हा लेख वाचणाऱ्यांत शिक्षक आहेत, कारकून आहेत. खिडकीच्या आतल्या बाजूला बसणारे तेच आहेत. ओळखीचा माणूस दिसला म्हणून त्याला आत बोलावून खुर्ची देण्यात आपण सौजन्य दाखवतो खरे, पण बाहेर उभ्या असलेल्याची किंमत तेवढीच कमी करतो. ओळखीला तिच्या जागी ठेवावे. दुःखात धावून जाण्यासाठी, सणाला ताट वाढण्यासाठी, परगावच्या मुलाला रविवारी जेवायला बोलावण्यासाठी ती आहे. दाखला, प्रवेश आणि खाट यांच्या व्यवहारात तिला ओढल्याने हक्क तर नासतोच, स्नेहही नासतो. कारण उपकाराची परतफेड करावी लागते आणि मैत्रीचा हिशेब सुरू होतो.

शेवटी, परदेश म्हणजे विमानाने गाठायचा देशच असतो असे नाही. गडचिरोलीच्या पाड्यावरून किंवा मराठवाड्यातील तांड्यावरून पुण्याला शिकायला आलेली मुलगीही परक्या शहरातच येते. तिची भाषा वेगळी पडते, तिच्या उच्चारांना वर्गात हसतात, तिला खोली देताना आडनाव विचारतात, शिष्यवृत्तीच्या खिडकीवर तिला 'उद्या या' सांगतात, आणि तिच्या ओळखीचे तेथे कोणी नसते. बर्लिनमध्ये आपल्या मुलाला कसे वागवले गेले, याची चौकशी आपण दर रविवारी दूरध्वनीवरून करतो. या मुलीला आपल्या शहरात कसे वागवले जाते, याची चौकशी करायला दूरध्वनीही लागत नाही.